धूर पातळ होता

रफिक,

तुझ्या मयतीतसुद्धा मी किस्सा सांगितला. मिट्टी देऊन सगळे कबरस्तानाबाहेरच्या निंबाखाली आले. कुणी चपला शोधत होतं, कुणी हात धूत होतं, आणि कुणीतरी म्हणालं, "सर, तुम्ही त्याचे शाळेपासूनचे. काही सांगा ना."

मला 'सांगा' म्हटलं की माझं काय होतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! मी मांडवातल्या पंख्यांचा किस्सा सांगितला. त्या लग्नात पंखे लावायचं काम तुला दिलं होतं आणि जेवायला मात्र शेवटच्या पंगतीला बसवलं होतं. म्हणून तू चारही पंख्यांच्या वायरी आतून बदलून ते उलटे फिरवलेस. वारा सगळा वर. खाली नवरदेव घामानं निथळतोय आणि वर मांडवाची झालर नाचतेय. कुणाला काही कळलंच नसतं. पण माईक माझ्या हातात होता, आणि मी ओरडलो, "मंडळी, वर पाहा, आज वरच्याले गरम होऊन राह्यलं!" सगळ्यांनी वर पाहिलं आणि तू पकडला गेलास.

निंबाखाली लोक डोळे पुसत हसले. मीही हसलो. मग गाडीत येऊन बसलो आणि चावी फिरवता येईना. माझ्या सगळ्या किश्श्यांत तू फसतोस आणि मी सुटतो, हे मला तिथं पहिल्यांदा जाणवलं. एकच किस्सा उलटा आहे, आणि तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. तुला मिट्टी देऊन आज सोळा दिवस झाले. तो तुला सांगतो. अर्धा तुला माहीत आहे.

कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हाचं आपलं शिवार आठव. रस्त्याच्या या बाजूला कापूस, त्या बाजूला कापूस, मधल्या बांधावर उरलेली जागा असेल तर तिथंही कापूस. वेचणी संपली की कपाशीची वाळलेली झाडं, आपली पऱ्हाटी, उभी राहायची आणि लोक ती उपटून पेटवून द्यायचे. मग चिखलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर तो प्लांट आला. पऱ्हाटी जाळायची आणि वीज करायची. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अशा भरून निघायच्या की मागून ट्रॅक्टर दिसायचा नाही, नुसतं काटक्यांचं ढिगाड चालतंय असं वाटायचं. चिमणीतून पहिला धूर निघाला त्या दिवशी आपण दोघं टेकाडावर चढून बघत बसलो होतो, लहान पोरांसारखे. तेव्हा आपल्या दोघांचेही केस पिकायला लागले होते.

आपल्या धाड गावच्या विजेच्या लाइनीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडायचं. तिथं खांबावर, व्होल्टेज सावरून धरणारे कपॅसिटर बसवायचं वीज कंपनीनं जवळजवळ ठरवलं होतं. पण आता प्लांट आला म्हटल्यावर त्यांना प्रश्न पडला, की कपॅसिटर लागतील का? कॉम्प्युटरवर अख्खी लाइन मांडून याचं उत्तर काढायचं काम कॉलेजात माझ्याकडे आलं. अहवाल पाठवायच्या आधी गावाला समजावून सांगा, असंही कंपनीनं म्हटलं. समजावून सांगायला मी!

ग्रामपंचायतीच्या हॉलमधलं माझं ते भाषण तुला पाठ होतं. वीज दोन प्रकारची असते, मी म्हणालो. एक काम करते, पाणी उपसते. ती म्हणजे पंगतीतलं जेवण. दुसरी स्वतः काम करत नाही, पण मोटरीतलं लोहचुंबक उभं ठेवते, व्होल्टेज सावरून धरते. ती म्हणजे वाढपी. वाढपी नसला तर बुंदी पातेल्यात आणि पाहुणा उपाशी! लाइनीच्या टोकापर्यंत वाढपी पोचत नाहीत, म्हणून तुमच्या मोटरी नुसत्या गुरगुरतात आणि तापतात. आता प्लांट जेवणही आणील आणि वाढपीही. अन् पॉवर फॅक्टर म्हणजे काय? तर एवढ्या जेवणामागं एवढे वाढपी, असा करार.

टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या तुझ्याही पडल्या. मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आलेख घेऊन, जळालेल्या मोटरींत नवी तार भरायच्या तुझ्या दुकानात आलो, पुन्हा टाळ्या घ्यायला.

तू बांबूच्या पाचरी तासत बसला होतास. मोटरीच्या खाचांमध्ये तांब्याची वेटोळी बसवली की वरून तू एकेक पाचर ठोकायचास, तार उसळून बाहेर येऊ नये म्हणून. दुकानात वॉर्निशचा वास. मी तुझ्या फळीवर कागद पसरला.

"हे काय बे?" तू.

"प्लांट काय काय देऊ शकतो त्याची चौकट. आडवं मोजलं तर जेवण, उभं मोजलं तर वाढपी. या चौकटीत कुठंही चालवावा."

"पूर्ण चालला तर किती?"

"आठ मेगावॉट. त्याच्यासंगं चारेक वाढपी."

"आन दोनच चालला तर?"

"तरी चार. चौकट पाह्य ना."

तुझा चाकू थांबला. "दोन जनाच्या जेवनाले चार वाढपी कोन पाठवन बे? तूच तं काल म्हनला, करार जेवनावर हाये."

"जनरेटरमध्ये ताकद आहे रे. मशीन देऊ शकते."

"मशीन देऊ शकते. पन देते का? तिथं बसलेला मानूस पॉवर फॅक्टरचा काटा पाहून चालवते, का आपल्या टोकाच्या खांबाकडं पाहून?"

आणि तू हातातली पाचर माझ्या चौकटीवर ठेवलीस. निमुळतं टोक शून्यावर, रुंद बाजू आठवर. "हे असं पाह्यजे. जेवन नाही तं वाढपी नाही. जेवन वाढत गेलं तसे तेही वाढत गेले. पाचरीच्या बाहीर जे तू काढलं ना दिन्या, ते सगळं हवेत हाये."

कागदावर चौकट होती आणि तिच्यावर ती पाचर. पाचरीच्या वर आणि खाली दोन मोठे कोपरे उघडे पडले होते. ते कोपरे मी अजून विसरलेलो नाही.

आता जे तुला माहीत नाही ते सांगतो. मला त्याच दुपारी कळलं होतं. तू पाचर ठेवलीस आणि कळलं. नंतर नाही, मोटरी जळायला लागल्यावर नाही. तेव्हाच.

माझ्या प्रोग्रामात त्या प्लांटसाठी दोनच घरं होती: वाढपी जास्तीत जास्त किती आणि कमीत कमी किती. मी पूर्ण चालणाऱ्या प्लांटचा आकडा तिथं भरून मोकळा झालो होतो. आणि त्या प्रोग्रामाचं काम काय, तर सगळ्यात स्वस्तात लाइन चालवून दाखवणं. पऱ्हाटीची वीज महाग. मग तो पठ्ठ्या काय करायचा? प्लांटकडून जेवण दोनच जणांचं घ्यायचा आणि वाढपी मात्र चारही बोलवायचा, कारण ते फुकटचे! टोकाच्या खांबाचं व्होल्टेज पडद्यावर नवरीसारखं नटून यायचं. यात त्याची लबाडी नव्हती. दार मी उघडं ठेवलं होतं.

ते बंद करायला दोन ओळी पुरल्या असत्या. वाढपी किती, हे जेवणाला बांधून टाकायचं. वरून एक ओळ, खालून एक. अहवाल द्यायला अजून दोन दिवस होते. मी त्या लिहिल्या नाहीत. लिहिल्या असत्या तर व्होल्टेज तसं नटून आलं नसतं, कपॅसिटर लागतील असं सांगावं लागलं असतं, आणि हॉलमधलं भाषण खोटं पडलं असतं. आणि टाळ्या तर वाजून गेल्या होत्या.

तुला मात्र मी म्हणालो, "प्लांट दोनवर कशाला चालेल? आपल्याकडं पऱ्हाटी कधी कमी पडणार हाये का?"

तू शिवाराकडं बघितलंस आणि हसलास. "हाव, ते तं हाये."

अख्ख्या वादात मी तुझ्याकडून जिंकलेली ही एकच गोष्ट. अहवाल गेला आणि कपॅसिटर कंपनीच्या यादीतून गेले.

पुढचं तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंस. बीटीच्या बोंडात अळी जाणार नाही, असं पाकिटावर छापून येत होतं, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निवांत बसलेली. एक हंगाम गेला, दुसरा गेला. लोकांनी फवारून पाहिलं, उपटून पाहिलं, देवाला नवस बोलून पाहिला, आणि शेवटी सोयाबीन पेरलं. ट्रॉल्या कमी झाल्या. आठवर चालणारा प्लांट चारवर आला, मग दोनवर. आणि तुझ्या दुकानासमोर जळालेल्या मोटरी ओळीनं बसायला लागल्या, दवाखान्याबाहेर पेशंट बसतात तशा. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते, आतली तार करपते. हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवतो. त्याचा वास कसा येतो ते तुझ्या दुकानात कळायचं.

प्रत्येक मोटरीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची तुझी रीत जुनी. नाव, गाव, जळाली कधी. त्यात तू एक ओळ वाढवलीस. मिरचीवाले कडूबाभाऊ मोटर घेऊन आले तेव्हा मी तिथंच होतो.

"कडूबाभाऊ, मोटर जळली तवा चिमनीचा धूर कसा व्हता?"

"आरं, मी मोटर पाहू का धूर?"

"आठवा ना. तुमच्या बांधावरून तं सरळ दिसते."

कडूबाभाऊंनी डोळे मिटले. "पातळ व्हता बाबा. चहाच्या कपावर असते तसा."

तू चिठ्ठीवर लिहिलंस: धूर पातळ.

प्लांटच्या आत तुला कोण जाऊ देणार? तिथले काटे कोण दाखवणार? म्हणून तू धुरावरून जेवण मोजत होतास. मी आयुष्यभर पोरांना मोजमाप शिकवलं, पण हे मला सुचलं नसतं. लोक म्हणायचे रफिकभाईचं डोकं फिरलं, मोटर भरायला आलेल्याला धूर विचारते. मी गालात हसायचो आणि विषय बदलायचो.

मग तो बाजाराचा दिवस. हॉटेलात गर्दी, मी मधल्या टेबलावर, चार जण माझ्या तोंडाकडं बघत. तू आलास. तारेत ओवलेल्या चिठ्ठ्या तू टेबलावर पसरल्यास. "दिन्या, हे पाह्य. जाड धुरातली एखादीच हाये. बाकी सगळ्या पातळ धुराच्या."

समोर माणसं होती रे. समोर माणसं असली की माझी जीभ माझी राहत नाही. मी उभाच राहिलो. "मंडळी! धाडमध्ये हवामान खातं उघडलं! साहेबाचं नाव, रफिक धूरवाला!"

हॉटेल हसलं. तूही हसलास, खरं सांगतो, तू हसलास. मग वाकून हळूच म्हणालास, "लिहून दे दिन्या, का तुह्यं चुकलं. कपॅसिटर येतील. कडूबाभाऊची तिसऱ्यांदा जळली. मिरची वाळून राह्यली त्याची."

आणि मी मोठ्यानं म्हणालो, "तुला काय रे चिंता? मोटरी जळल्या तं तुहंच दुकान चालते!"

या वेळी हसू थोडं उशिरानं आलं. तू चिठ्ठ्या गोळा केल्यास. एकेक कड जुळवून, घाई न करता, पुन्हा तारेत ओवल्यास. चहा तसाच राहिला. दारात वळून बघशील असं मला वाटलं होतं. तू बघितलं नाहीस.

धूरवाला हे नाव तू हसून पचवलं असतंस. पण त्या दुसऱ्या वाक्याचं पुढं काय झालं ते भाभीनं मला आत्ता, तू गेल्यावर सांगितलं. दोन-तीन घरच्या गिऱ्हाइकांनी मोटरी चिखलीला न्यायला सुरुवात केली. काय भरवसा, म्हणाले, रफिकभाईच हलकी तार भरत असंल. सर स्वतः बोलले हॉटेलात. तुझ्या हाताखालची तार हलकी! मी गंमत केली होती. गंमत गावात फिरून फिरून खरी झाली.

त्यानंतर दोन वर्षं आपण बोललो नाही. म्हणजे भांडलो असंही नाही. ईदेला तुझ्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, दुसऱ्याच कुणाच्या हाती. डबा रिकामा परत पाठवू नये, म्हणून मी तो दिवाळीपर्यंत ठेवायचो आणि करंज्या भरून धाडायचो. दोन वर्षं आपल्या दोघांत तो डबाच काय ते बोलत होता. आत्ता तो माझ्याकडे आहे. कुणाकडे पाठवू?

तू गेलास तेव्हा भर दुपार होती. समोर मोटर अर्धी भरलेली. भाभी म्हणाली, चहा घेऊन गेले तर हात तारेवरच होता, वाटलं वेढे मोजत असतील, मोजताना बोललेलं त्यांना चालत नाही, म्हणून चहा ठेवून परत आले.

मिट्टीनंतर चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. भाभीनं चिठ्ठ्यांची तार आणून पुढ्यात ठेवली. "दिनूभाई, हे तुमचं. ते म्हनायचे, दिन्या येईन तवा दे. मी म्हनायची, मंग बोलवा ना त्याहिले. तं म्हनायचे, बोलवून आलेला मानूस पाहुना असते."

मी उठताना एक पाचर मागून घेतली. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही.

योगायोग बघ. वीज कंपनीचं पत्र महिनाभर माझ्या टेबलावर पडून होतं. त्याच लाइनीवर आता सौर प्रकल्प जोडायचा आहे. करार तसाच, ऊन कमी तर जेवण कमी, जेवण कमी तर वाढपी कमी. जुन्याच फाइलीत एक नवी चौकट घाला आणि पाठवून द्या, एवढीच त्यांची अपेक्षा. पुन्हा चौकट चालली असती. कुणी विचारलं नसतं. विचारणारा एकच होता.

मी कॉलेजात बसलो आणि त्या दोन ओळी लिहिल्या. मग तुझ्या चिठ्ठ्या काढल्या. जाड धुराला आठ धरले, पातळ धुराला दोन, आणि एकेका चिठ्ठीच्या वेळेला लाइन चालवून पाहिली. टोकाच्या खांबाचं व्होल्टेज चिठ्ठीमागून चिठ्ठी खाली बसत गेलं. जिथं तू 'धूर पातळ' लिहिलं होतंस, तिथं तिथं. एका चिठ्ठीवर तू 'धूर जाड' लिहून खाली लिहिलं होतंस, 'ही उंदरानं खाल्ली.' तिथं व्होल्टेज चांगलं आलं. मी एकटाच मोठ्यानं हसलो, आणि शिपाई आत डोकावून गेला.

परवा बुलढाण्याला वीज कंपनीत बैठक झाली. साहेब म्हणाले, "सर, पण तुमच्या मागच्या अहवालात तर..."

"मागचा अहवाल चुकीचा होता," मी म्हणालो. "मी चुकीचा लिहिला. चूक आहे हे माहीत असताना लिहिला."

 मग साहेबांनी आधार काय म्हणून विचारलं, तेव्हा मी तुझी तार टेबलावर ठेवली. एक नवीन इंजिनिअर मुलगी चिठ्ठ्या उलटून पाहत होती. "यात 'धूर पातळ' म्हणजे?" मी सांगितलं. खोलीभर माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मी एकही गंमत केली नाही. तिनं त्या चिठ्ठ्यांचे फोटो काढले, एकेकीचे, कड जुळवून. तुला आवडली असती ती.

कपॅसिटर पुन्हा यादीत आले आहेत. यादीतून खांबावर कधी येतील ते मी सांगू शकत नाही. कॉलेजाकडं पुढची कामं येतील की नाही, तेही नाही.

काल धाडला गेलो. म्हटलं, ज्याचं वाळलं त्याला तरी तोंडानं सांगावं. कडूबाभाऊ विहिरीजवळ बसले होते. विहिरीत पाणी होतं आणि मोटर तुझ्या दुकानात, अर्धी भरलेली. तू शेवटी हात लावलास ती त्यांचीच. मी सगळं सांगितलं. चौकट, पाचर, दोन ओळी, हॉटेल. त्यांनी ऐकून घेतलं. मधे एकदाही 'राहू द्या सर' म्हणाले नाहीत.

मग म्हणाले, "हे रफिकभाईले सांगतलं व्हतं का?"

"नाही."

"मंग मले काऊन सांगता?"

आणि ते उठून मिरचीच्या सरीत निघून गेले. त्यांच्या पाठीमागं प्लांटची चिमणी दिसत होती. धूर नव्हताच.

मी तिथंच विहिरीच्या कडेला बसून राहिलो. खिशातली पाचर बोटांना लागत होती. बोलण्यासाठी चार तालुक्यांत ओळखला जाणारा माणूस मी, आणि एक वाक्य होतं, तेवढं सोडून सगळं बोलत आलो.

रफिक, तुझं बरोबर होतं. मला त्याच दुपारी कळलं होतं.

हस आता. या वेळी मी पकडला गेलोय.